अकरावीतल्या मुलीचा प्रश्न : पहिला रायबोझोम कुणी बनवला?

साखर पेठ

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात पेशीचा धडा चालू होता. रायबोझोमच्या वाट्याला वर्गात चार ओळी येतात: अगदी लहान, आवरण नसलेला, दोन भागांचा, प्रथिनांचा कारखाना. फळ्यावर आंतर्द्रव्यजालिका काढायची, तिच्यावर खडूनं ठिपके द्यायचे आणि पुढे जायचं. मी ठिपके देत असताना मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, प्रथिनं रायबोझोम बनवतो. आणि रायबोझोममध्ये तर प्रथिनं असतात. मग पहिला रायबोझोम कुणी बनवला?"

तास संपत आला होता. उद्या सांगते म्हणाले. पण उत्तर दोन वाक्यांत सांगून टाकण्यासारखं नाही, म्हणून आधी इथे सविस्तर लिहून बघते. चुकलं तर सांगा.

माझे वडील यंत्रमागावर होते, आई घरी कांड्यांवर सूत भरायची. त्यामुळे मला हे सगळं मागावरूनच समजतं. जॅकार्डच्या चादरीवरची नक्षी कुठे असते? सुतात नसते. मागाच्या लोखंडातही नसते. ती वर टांगलेल्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत असते. पेशीत ही माळ म्हणजे संदेशवाहक आरएनए. डीएनएवरून त्याची नक्कल उतरते आणि ती केंद्रकातून बाहेर पेशीद्रव्यात येते. तिच्यावर चारच अक्षरं: ए, यू, जी, सी. तीन अक्षरांचा एक शब्द, म्हणजे एक पुठ्ठा समजा. असे ६४ शब्द होतात. त्यांतले ६१ कुठल्या ना कुठल्या अमिनो आम्लाचं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या एका कडीचं, नाव घेतात, उरलेले ३ 'थांब' म्हणतात. आम्लं २० आणि शब्द ६१, म्हणून एकेका आम्लाला बहुतेक वेळा एकाहून जास्त शब्द असतात.

रायबोझोम म्हणजे माग, आणि तो दोन तुकड्यांचा. छोटा तुकडा आधी माळेवर बसून सुरुवातीचा शब्द, एयूजी, शोधतो. तो सापडला की मोठा तुकडा वर येऊन बसतो. छोट्याचं काम वाचायचं, मोठ्याचं काम जोडायचं. दोघांच्या मध्ये तीन जागा असतात: ए, पी आणि ई. अमिनो आम्ल लावलेला वाहक आरएनए ए जागेत येतो. त्याच्याकडची तीन अक्षरं संदेशातल्या तीन अक्षरांशी जुळतात का, हे छोटा तुकडा पारखतो. जुळली तर पी जागेतल्या वाहकाला लोंबणारी आतापर्यंतची सगळी साखळी या नव्या आम्लाला जोडली जाते. मग छोटा तुकडा मोठ्यावर किंचित फिरतो, सगळा रायबोझोम तीन अक्षरं पुढे सरकतो आणि रिकामा झालेला वाहक ई जागेतून सुटतो. पुन्हा पुढचा शब्द.

जीवाणूत हा फेरा सेकंदाला साधारण १५ ते २० वेळा होतो, आपल्या पेशीत ५-६ वेळा. हिमोग्लोबिनची बीटा साखळी १४६ आम्लांची असते, म्हणजे ती अर्ध्या मिनिटात तयार. स्नायूंतल्या टायटिनमध्ये ३४,००० हून जास्त आम्लं असतात. त्याला त्याच वेगानं जवळजवळ दोन तास लागतील. आणि जीवाणूतला हा माग केवढा? साधारण २० नॅनोमीटर. एका मिलिमीटरमध्ये ५०,००० ओळीनं मावतील.

आता मुलीचा प्रश्न. जीवाणूच्या रायबोझोमचं वजन केलं तर सुमारे दोन-तृतीयांश भाग आरएनएचा असतो, प्रथिनं एक-तृतीयांश. प्रथिनं संख्येनं ५० हून अधिक असतात, म्हणून बरीच वर्षं असं धरलं जात होतं की खरं काम तीच करतात आणि आरएनए म्हणजे नुसता सांगाडा. हॅरी नॉलर यांनी १९९२ मध्ये गरम पाण्याच्या झऱ्यात राहणाऱ्या एका जीवाणूच्या रायबोझोममधली बहुतेक सगळी प्रथिनं फिनॉल आणि प्रथिनं पचवणारी विकरं (एन्झाइम) वापरून काढून टाकली. उरलेला आरएनएचा गोळा तरीही आम्लं जोडत राहिला. २००० साली थॉमस स्टाइट्झ आणि पीटर मूर यांच्या गटानं मोठ्या तुकड्याची अणूअणूपर्यंतची रचना मांडली. जिथे आम्ल आम्लाला जोडलं जातं, त्या जागेपासून साधारण १.८ नॅनोमीटरच्या आत प्रथिनच नव्हतं. सगळा आरएनए.

म्हणजे विणणारा हात आरएनएचा आहे. प्रथिनं त्याला धरून ठेवतात, आधार देतात, काम सुबक करतात. मग पहिल्या रायबोझोमला प्रथिनांची गरजच नसावी. ही शक्यता फ्रान्सिस क्रिक यांनी १९६८ मध्येच बोलून दाखवली होती. नक्षीचा पुठ्ठा ज्या पदार्थाचा, त्याच पदार्थाचा माग! प्रथिनं मागाहून आली, त्याच मागावर विणली गेली आणि त्यालाच जाऊन चिकटली. मला हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री झोप लागली नव्हती.

अशोक चौक

ताई, मी माग चालवतोय तीस वर्षं. शाळा दहावीपर्यंतच, पण तुमचं लिखाण समजलं. एक दुरुस्ती. आमच्याकडं माग जागेवर असतोय आणि पुठ्ठ्यांची माळ फिरती. एका पुठ्ठ्याला एक आडवा धागा. भोक असंल तिथं सुई आत जाती आणि ताण्याचा धागा वर उचलला जातोय, भोक नसंल तिथं धागा खालीच. माळ गोल असती म्हणून तीच नक्षी पुन्हा पुन्हा येती. तुमच्याकडं माळ जागेवर आणि माग चालत जातोय, असं लिहिलंय. बरोबर का?

दुसरं, एका माळेवर एकच माग का? आणि तिसरं, कांडी भरणारी बाई चुकली आणि लालच्या जागी हिरवं सूत भरलं, तर मागाला कसं कळायचं?

साखर पेठ

अण्णा, तिन्ही प्रश्न माझ्या धड्यापेक्षा चांगले आहेत.

पहिलं: हो, रायबोझोम माळेवरून चालत जातो. आणि माळ गोल नसते, तिला सुरुवात-शेवट असतो.

दुसरं: एका माळेवर एकाच वेळी पुष्कळ रायबोझोम असतात. पहिला थोडा पुढे सरकला की मागून दुसरा चढतो, मग तिसरा. सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे दिसतात. प्रत्येकाच्या पोटातून त्याच प्रथिनाची साखळी निघत असते, पुढच्याची लांब, मागच्याची आखूड.

तिसऱ्याचं उत्तर ऐकून तुम्ही मान हलवाल. मागाला कळत नाही! वाहकावर योग्य आम्ल चढवण्याचं काम वेगळी विकरं करतात, साधारणपणे प्रत्येक आम्लासाठी एक. त्याच आमच्या कांडी भरणाऱ्या बायका. १९६२ मध्ये काही संशोधकांनी सिस्टीन चढवलेला वाहक घेतला आणि निकेलच्या मदतीनं त्याच्यावरच्या सिस्टीनचं अॅलानीन करून टाकलं. म्हणजे कांडीवर चिठ्ठी लालची आणि आत सूत हिरवं. रायबोझोमनं चिठ्ठी वाचली आणि सिस्टीनच्या जागी अॅलानीन विणून टाकलं. प्रथिनाची सगळी अचूकता अशी दोन ठिकाणी वाटलेली असते: कांडी भरताना आणि चिठ्ठी जुळवताना. कांडी भरणारी काही विकरं चुकीचं आम्ल चढलं तर ते कापून टाकून पुन्हा भरतात. एवढं सगळं करून हजार ते दहा हजार आम्लांमागे एखादी चूक राहते.

आईला हे वाचून दाखवलं. कांड्यांचा भाग तिनं दोनदा वाचायला लावला.

अशोक चौक

आमची मंडळी पण कांड्याच भरत होती. घरात सांगतो.

माळढोक

मी बारावीला आहे. पुस्तकात जीवाणूचा रायबोझोम ७०एस, म्हणजे ५०एसचा मोठा तुकडा अधिक ३०एसचा छोटा, पण ही बेरीज ८० येते. क्लासमध्ये विचारलं तर 'तसंच पाठ करा' म्हणाले. आपल्या पेशीत ६०एस अधिक ४०एस बरोबर ८०एस. तिथेही जमत नाही.

लॅबवाली

माळढोक, पाठ करू नकोस, समजून घे. एस हे वजनाचं माप नाही. स्वीडनचे थिओडोर स्वेडबर्ग यांच्या नावावरून ते आलंय, त्यांना १९२६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नळीत द्रव घालून ती प्रचंड वेगानं फिरवली की कण तळाकडे किती वेगानं जातो, ते हे माप सांगतं. वेग वजनावर अवलंबून असतो तसा आकारावरही. आपल्या सोलापुरी टॉवेलचंच घे. ओला टॉवेल घट्ट घडी करून हौदात सोडला तर पटकन बुडतो, पसरून सोडला तर रेंगाळतो. वजन तेच. दोन तुकडे एकमेकांना चिकटले की चिकटलेल्या बाजू झाकल्या जातात आणि द्रवाशी होणारं घर्षण दोघांच्या वेगवेगळ्या घर्षणाच्या बेरजेइतकं राहत नाही. वजनांची बेरीज होते, एसची होत नाही.

माझं स्वतःचं रायबोझोमशी रोजचं नातं आहे. मी पॅथॉलॉजीत आहे. रेटिक काउंट, म्हणजे नव्या लाल पेशींची मोजणी, करायचा असतो तेव्हा रक्तात न्यू मेथिलीन ब्लू मिसळून थोडा वेळ ठेवते आणि मग स्लाइड ओढते. नुकत्याच अस्थिमज्जेतून बाहेर पडलेल्या लाल पेशींत निळी जाळी दिसते. ही जाळी म्हणजे उरलेल्या रायबोझोमचा आरएनए! लाल पेशीचं केंद्रक आधीच गेलेलं असतं, तरी शिल्लक रायबोझोम आणखी एक-दोन दिवस हिमोग्लोबिन विणत राहतात. मग तेही जातात. पुढे सुमारे १२० दिवस ती पेशी नवं काहीच बनवू शकत नाही, आहे त्यावर भागवते. रक्त कमी असलेल्या बाईला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की आठवड्याभरात निळ्या जाळीच्या पेशी वाढलेल्या दिसतात. हिमोग्लोबिनचा आकडा हलायच्या आधी मला स्लाइडवर कळलेलं असतं की औषध लागू पडतंय. त्या दिवशी बरं वाटतं.

मांडवीपार

मूळचा सोलापूरचा, आता बडोद्यात. इथे राहून हे लिहिलं नाही तर चूक होईल. रायबोझोमच्या रचनेसाठी २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं: वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ. रामकृष्णन यांचा जन्म १९५२ मध्ये तमिळनाडूतल्या चिदंबरमचा, पण बालपण बडोद्यात गेलं आणि १९७१ ची बीएस्सी इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाची, तीही भौतिकशास्त्राची. अमेरिकेत भौतिकशास्त्राची डॉक्टरेट झाल्यावर त्यांनी ठरवलं की आपल्याला जीवशास्त्र करायचंय, आणि पुन्हा विद्यार्थी होऊन बसले. छोट्या तुकड्याची, ३०एसची रचना त्यांच्या केंब्रिजमधल्या गटानं २००० मध्ये मांडली. शाखा निवडताना रडकुंडीला आलेल्या मुलांना मी हे नेहमी सांगतो.

अदा योनाथ यांची गोष्ट चिकाटीची. स्फटिक बनवल्याशिवाय क्ष-किरणांनी रचना दिसत नाही, आणि एवढ्या मोठ्या, लवचिक गोष्टीचे स्फटिक होणारच नाहीत असं जवळपास सगळ्यांचं मत होतं. हिवाळाभर झोपणाऱ्या अस्वलांच्या पेशींत रायबोझोम आवरणाला लागून शिस्तीत रचलेले असतात, असं त्यांनी वाचलं. निसर्ग रचू शकतो तर आपणही रचू शकू, हा त्यांचा धीर. त्यांनी उष्ण झऱ्यांतले आणि मृत समुद्रातले चिवट जीव निवडले, कारण त्यांचे रायबोझोमही चिवट. क्ष-किरणांनी स्फटिक खराब होऊ नयेत म्हणून ते अतिथंड करून ठेवण्याची पद्धत त्यांनी रुळवली. १९८० च्या सुमाराला काम सुरू केलं आणि पूर्ण चित्र हाती यायला वीस वर्षं लागली.

भीमाकाठ

धागा वाचतोय. शेतकऱ्याकडून एक भर. बांधाला एरंड असतो. एरंडीची पेंड खत म्हणून घालतो, पण जनावराला चारत नाही, आणि खताचं पोतं कुत्र्याच्या वाटेत ठेवत नाही. आजा सांगायचा, कारण माहीत नव्हतं. नंतर भाच्यानं सांगितलं की बीत रिसिन नावाचं विष असतं आणि ते रायबोझोमवरच घाव घालतं. हे खरं का?

साखर पेठ

अगदी खरं, काका. रिसिन हे प्रथिन आहे, म्हणजे एरंडाच्या रायबोझोमनंच विणलेलं. ते आपल्या पेशीत शिरलं की रायबोझोमच्या २८एस आरएनएमधला एकच अॅडेनीन, म्हणजे एक ए अक्षर, उपटून काढतं. हजारो अक्षरांतलं एक अक्षर! पण ते बरोबर अशा जागी असतं जिथे साखळी पुढे सरकवणारे मदतनीस येऊन टेकतात. ते गेलं की माग कायमचा बंद. आणि रिसिनचा एक रेणू एका मिनिटात हजारावर रायबोझोम निकामी करू शकतो, स्वतः खर्च न होता. पाण्यात विरघळणारं असल्यामुळे ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं. चांगली उष्णता दिली तर मोडतं. तुमच्या आजोबांची शिस्त मोडू नका.

हुतात्मा बाग

मला एक विचारायचंय, बरेच दिवस मनात आहे. माझ्या मावशीला खूप वर्षांपूर्वी टीबी झाला होता. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं झाली, टीबी बरा झाला, पण दोन्ही कानांनी ऐकू येणं हळूहळू गेलं. त्या वेळी घरच्यांना कुणी काही सांगितलं नाही. आता वाचलं की हे औषध जीवाणूच्या रायबोझोमवर काम करतं. मग मावशीच्या कानाचा काय संबंध?

साखर पेठ

तुमच्या मावशीबद्दल वाचून वाईट वाटलं. मला कळतं तेवढं सांगते.

जीवाणूंचा रायबोझोम ७०एस आणि आपला ८०एस. दोघांची घडण इतकी वेगळी की त्यांचा माग अडवायचा आणि आपला चालू ठेवायचा, हे जमतं. कित्येक प्रतिजैविकं यावरच चालतात. टेट्रासायक्लिन ए जागा अडवतं. अॅझिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन, साखळी ज्या बोगद्यातून बाहेर पडते, तो बोगदा चोंदवतात. क्लोरॅम्फेनिकॉल जोडण्याची जागाच बंद करतं. स्ट्रेप्टोमायसिन छोट्या तुकड्याला चिकटून त्याला चुकीचं वाचायला लावतं.

पण आपल्या पेशीत दुसरेही रायबोझोम आहेत. तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, या फार फार पूर्वी मोठ्या पेशीत येऊन राहिलेल्या जीवाणूंच्या वंशज आहेत. त्यांचे रायबोझोम आजही त्यांच्या घराण्याची खूण बाळगून आहेत. काही माणसांच्या तंतुकणिकांत १२एस आरएनएच्या १५५५ व्या जागी ए च्या ऐवजी जी असतो. एवढ्या बदलानं त्यांचा रायबोझोम जीवाणूच्या रायबोझोमसारखा दिसू लागतो आणि स्ट्रेप्टोमायसिनच्या गटातली औषधं त्यालाही धरतात. कानाच्या आतल्या केसपेशी आधीच नाजूक. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. हा बदल नसलेल्यांनाही या इंजेक्शनांनी बहिरेपण येऊ शकतं, पण ज्यांच्यात तो आहे त्यांना थोड्या औषधानंही ते येऊ शकतं.

तंतुकणिका आईकडूनच येतात. त्यामुळे मावशीच्या मुलांनी, आणि सख्खी मावशी म्हणजे तुमच्या आईची बहीण, म्हणून तुम्ही भावंडांनीही, जेन्टामायसिन किंवा अॅमिकासिनसारखं इंजेक्शन घ्यायची वेळ आली तर डॉक्टरांना ही गोष्ट आधी सांगावी. टीबीच्या नेहमीच्या उपचारात आता गोळ्याच असतात, हे इंजेक्शन नसतं.

हुतात्मा बाग

हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आईशी आणि भावाशी आजच बोलतो. आभार.

गड्डा

धागा उत्तम, पण थोडा वेगळा सूर लावतो. मागाची उपमा मुलांना दिली की ती उपमाच डोक्यात बसते. माग लोखंडाचा, ठोक्यावर चालणारा. पेशीत तसं काही नाही. तिथे सगळं सतत धडपडत, आदळत असतं. वाहक आरएनए कुणी बोलावलं म्हणून येत नाही, आजूबाजूला घोंगावणाऱ्या गर्दीतून येऊन आपटतो, आणि येणाऱ्यांत चुकीचेच जास्त असतात. ते सुटून परत जातात, जुळणारा टिकतो. त्या गोंधळातून इतकी अचूकता निघते, हेच तर आश्चर्य आहे. मागाच्या चित्रात नेमकं तेच दिसत नाही.

साखर पेठ

मान्य, आणि हे मी वर्गात सांगणार आहे. मकर संक्रांतीच्या यात्रेतल्या गर्दीत एका कुलपाशी शेकडो माणसं आपापली किल्ली लावून बघतायत, असं चित्र द्यावं लागेल. उपमा दोन ठिकाणी तरी तुटते. दुसरं ठिकाण असं की मागातून निघालेली चादर सपाटच राहते. इथली साखळी बोगद्यातून बाहेर येता येता स्वतःच घडी घालू लागते, आणि काम त्या घडीवर ठरतं. तरी मुलांना दाराशी आणायला माग उपयोगी आहे, आमच्या गावात तरी.

काल शनिवारी त्या मुलीला आणि आणखी चौघींना आमच्या नात्यातल्या एका कारखान्यात घेऊन गेले. जॅकार्डचा खडखडाट इतका की बोलणं ऐकू येईना. एक पुठ्ठा फाटला होता, माग थांबवून कारागीर तो बदलत होते. बाहेर आल्यावर तिचा पहिला प्रश्न, "मॅडम, आरएनए मध्येच तुटला तर? 'थांब' शब्दच गेला तर रायबोझोम अडकून बसेल ना?"

रात्री वाचून काढलं. अडकतोच. जीवाणूंकडे यासाठी एक खास आरएनए असतो, अर्धा वाहकासारखा आणि अर्धा संदेशासारखा. तो अॅलानीन घेऊन अडकलेल्या रायबोझोमच्या रिकाम्या ए जागेत शिरतो. रायबोझोम तुटकी माळ सोडून याच्या छोट्या संदेशावर चढतो आणि अर्धवट प्रथिनाच्या टोकाला दहा-अकरा आम्लांची एक शेपटी विणतो. शेपटीच्या शेवटी 'थांब' असतो, त्यामुळे माग मोकळा होतो. ती शेपटी म्हणजे 'हे फाडून टाका' अशी खूण. पेशीतली कापणारी विकरं ती ओळखून अर्धवट प्रथिनाचे तुकडे करतात. आपल्या पेशीद्रव्यात हा आरएनए नसतो, तिथे अडकलेला रायबोझोम सोडवायला वेगळी प्रथिनं आहेत.

अशोक चौक

आमच्याकडं खराब निघालेली चादर चिंधीत जाती. ते सूत परत मागावर येत नाही. तुमच्याकडं त्या तुकड्यांचं काय होतंय?

साखर पेठ

येतं, अण्णा. तुकडे होत होत शेवटी सुटी आम्लं उरतात आणि तीच पुन्हा कांडीवर भरली जातात.